दिव्याचं माप

लाकडी हातोडीने शेवटची पाचर ठोकून तिने पंपाची मोटार उलटी केली, तेवढ्यात स्टुलावरून प्रश्न आला.

"दोनशे तीस व्होल्ट. पाच अँपिअर. सांग."

"इस्त्री," ती म्हणाली.

"वस्तू विचारली नाही. रेझिस्टन्स विचारला."

"शेहेचाळीस. म्हणून तर इस्त्री म्हटलं."

उत्तर अगदी बरोबर होतं, आणि तरीही तिच्या नवऱ्याने कपाळाला हात लावला. परीक्षेत असं चालत नाही, हे त्यांनी तिला गेल्या तीन महिन्यांत किमान शंभरदा सांगितलं होतं. आधी सूत्र लिहायचं, मग आकडे घालायचे, मग भागाकार, मग उत्तर आणि उत्तरापुढे ओहम लिहायला विसरायचं नाही. हिचं सगळं उलटं. इस्त्रीची कॉइल मीटरवर किती दाखवते हे तिला पाठ, त्यामुळे उत्तर आधी आणि भागाकार मागून फरफटत यायचा. सूत्र तर बहुतेक वेळा यायचंच नाही.

नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत ते एक दिवसही शिकवायला गेले नव्हते, पण त्या भागातले निम्मे वायरमन त्यांच्या हाताखालून गेले होते, म्हणून मास्तर. दुकानावर पाटी त्यांच्या नावाची, परवाना त्यांच्या नावाचा. मोटारी मात्र ती भरायची. जळालेल्या मोटारीतली काळी ठिक्कर तार उपसून काढायची, वेढे मोजून नवी गुंडाळायची, स्लॉटमध्ये कागद सरकवून एकेक कॉइल बसवायची, हे सगळं बावीस वर्षं तिच्याच हातचं. पंपवाले, गिरणीवाले, लॉन्ड्रीवाले, सगळ्यांना ते माहीत होतं. मोटार घेऊन आले की मास्तरांना नमस्कार करायचे आणि तक्रार तिला सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांचे हात थरथरायला लागले. आधी चहाचा कप, मग स्क्रू ड्रायव्हर, मग सही. आता परवान्याचं नूतनीकरण आलं होतं आणि त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागत होता. डॉक्टर भला माणूस, मास्तरांच्याच हातची वायरिंग त्याच्या दवाखान्यात होती, पण त्याने मान हलवली ती हलवलीच. वर्ष संपलं की परवाना संपणार होता, आणि परवान्यावाचून टेस्ट रिपोर्टवर सही नाही, सहीवाचून मोटार कोणी घेणार नाही. पाटी उतरवायची किंवा पाटीवर दुसरं नाव घालायचं. दुसरं नाव घरात एकच होतं.

"या वयात मी परीक्षा देऊ?" असं ती एकदा म्हणाली होती. मास्तर म्हणाले, या वयात पाटी उतरवायला शिडीवर चढण्यापेक्षा ते सोपं आहे. झालं, तिने फॉर्म भरला.

सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी चालायची. मास्तर कागदावर त्रिकोण काढायचे. वरच्या कोपऱ्यात व्होल्ट, खाली डावीकडे अँपिअर, उजवीकडे ओहम. जे हवं ते अंगठ्याने झाकायचं, उरलेलं दिसतं तसं करायचं. वर-खाली दिसलं तर भागायचं, शेजारी-शेजारी दिसलं तर गुणायचं. त्यांच्या अंगठ्याला मात्र एका जागी राहवत नसे. एकाऐवजी दोन कोपरे झाकले जायचे आणि उरलेल्या एकाचं काय करायचं ते त्रिकोणालाही ठाऊक नसायचं. मग ती हळूच त्यांचा हात बाजूला करून आपला अंगठा ठेवायची. आणि शिकवणी पुढे चालायची.

वॅटचं तिला सोपं गेलं. व्होल्ट आणि अँपिअर गुणले की वॅट, यात झाकाझाकी नाही. भागाकाराने मात्र जीव खाल्ला. पहिल्या महिन्यात तिने एका साध्या शेगडीचा रेझिस्टन्स अकराशे पन्नास काढला, कारण भागायच्या ऐवजी गुणलं. मास्तर म्हणाले, या शेगडीवर चहा व्हायला पावसाळा उजाडेल. ती इतकी हसली की समोरचा कागद उडाला. पण शिकली. लेखी परीक्षेत शंभरातले एकाहत्तर मिळाले, आणि निकालाचा कागद मास्तरांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. काहींना दोनदा.

आता राहिलं होतं प्रात्यक्षिक. ते परवावर आलं होतं.

"तीन टेबलं असतील," मास्तर स्टुलावरून सांगत होते. "इस्त्री, दिवा आणि मोटार. इस्त्री तू डोळे मिटून करशील. मोटारीचं मी तुला काय सांगणार? दिव्यापाशी जपायचं."

दिवा म्हणजे जुन्या पद्धतीचा, आत तार असलेला, शंभर वॅटचा. तो लावायचा, व्होल्ट बघायचे, अँपिअर बघायचे, भागून रेझिस्टन्स काढायचा आणि एका रकान्यात लिहायचं. मग दिवा बंद करून, काढून, मीटरने मोजायचं आणि शेजारच्या रकान्यात लिहायचं. मेख इथेच आहे, असं मास्तर म्हणाले. भागाकाराने पाचशेच्या आसपास येतं आणि मीटर काहीतरी भलतंच दाखवतो, तीस-चाळीस. दिव्याला मीटर चुकतो. तेव्हा मीटरकडे बघायचं नाही. भागाकाराने जे येईल तेच दोन्ही रकान्यांत लिहायचं आणि पुढच्या टेबलाकडे जायचं.

"का चुकतो?" तिने विचारलं.

"चुकतो म्हणजे चुकतो. परीक्षेत का विचारायचं नसतं."

मग त्यांनी तिला ते सांगितलं जे लग्नाला तीस वर्षं होऊनही कधी सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांचे असताना त्यांनी पहिल्यांदा ही परीक्षा दिली, तेव्हा मीटरने दाखवलं ते लिहिलं होतं. छत्तीस. परीक्षकाने सगळ्यांदेखत कागद टेबलावर आपटला. एका दिव्याला दोन रेझिस्टन्स असतात का रे, म्हणून विचारलं आणि घरी पाठवलं. एक वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी दोन्हीकडे एकच आकडा लिहिला आणि पास झाले. तेव्हापासून जो कोणी शिकायला आला त्याला त्यांनी हेच शिकवलं आणि एकही नापास झाला नाही.

"तुझी मला हीच भीती आहे," मास्तर म्हणाले. "तुला मीटरचं ऐकायची खोड आहे."

खोड होतीच. प्रत्येक भरलेल्या मोटारीला ती एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची आणि तिन्ही कॉइलींची मापं त्यावर लिहायची. फार वर्षांपूर्वी एकदा घाईत तिने दोनच मोजल्या होत्या आणि तिसरीचं माप त्यांच्यावरून लिहून टाकलं होतं. मोटार आठ दिवसांत जळून परत आली. मास्तर ती मोटार तिच्या बाकावर ठेवून गेले. त्यानंतर न मोजता तिने एक आकडाही लिहिला नव्हता. पण या वेळी तिने मान डोलावली. पाटीचा प्रश्न होता, आणि दिव्याच्या एका आकड्यापायी पाटी घालवण्याइतकी ती खुळी नव्हती.

परीक्षेच्या दिवशी कार्यशाळेत एकतीस उमेदवार होते आणि बहुतेक तिच्या निम्म्या वयाचे. सगळे तिला काकू म्हणत होते. त्यातल्या दहा-बाराजणांना ती चेहऱ्याने ओळखत होती. कधी ना कधी दुकानातल्या स्टुलाशेजारी बसून त्यांनी मास्तरांकडून धडे घेतले होते. तिच्या पुढचाच नंबर लिफ्टवाल्याचा. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस, उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि परीक्षेला मात्र लहान मुलासारखा घाबरायचा. परीक्षक एक मॅडम होत्या, तिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, हातात कागद अडकवायची फळी आणि लाल पेन. हसत नव्हत्या. कोणाच्याही टेबलापाशी फार वेळ थांबतही नव्हत्या.

इस्त्रीचं काम पाच मिनिटांत झालं. सूत्र आधी लिहिलं, ओहम लिहायला विसरली नाही. मग ती दिव्याच्या टेबलाशी गेली.

दिवा लावला. व्होल्टमीटरचा काटा दोनशे पंचवीसवर थांबला, अँपिअरचा पॉइंट पंचेचाळीसवर. तिने कागदाच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण काढला, अंगठा ठेवला आणि भागलं. बरोब्बर पाचशे. दोनदा ताळा करून पाहिला, मग गुणून वॅट काढले, एकशे एक आणि वर थोडे. दिव्यावर शंभर लिहिलेलं होतं. गणित जमलं याचा तिला इतका आनंद झाला की मास्तरांना तिथून हाक मारावीशी वाटली.

मग तिने बटण बंद केलं, प्लग काढला, कापडात धरून दिवा बाहेर काढला आणि चष्मा पुसून होईपर्यंत टेबलावर ठेवला. सवयीप्रमाणे मीटरच्या दोन्ही सळया एकमेकींना टेकवून पाहिल्या. शून्य. मीटर धड होता. सळया दिव्याला लावल्या. एक्केचाळीस, चाळीस, एकोणचाळीस, अडतीस. अडतीसवर थांबला.

पलीकडून लिफ्टवाला ओठ न हलवता म्हणाला, "काकू, दोन्हीकडे पाचशे."

ती लिहिणारच होती. पेन रकान्यात टेकलंसुद्धा. पाचचा आकडा काढायचा, पुढे दोन शून्यं, यात काय अवघड होतं? पाटी डोळ्यांसमोर होती, स्टुलावर बसलेले मास्तर होते, त्यांचा तो गेलेला वर्षभराचा काळ होता. हात मात्र पुढे सरकेना. तिने पुन्हा एकदा सळया लावल्या, की निदान या खेपेला तरी मीटर दुसरं काही दाखवेल. अडतीस. आणि तिच्या हाताने अडतीस लिहिलं. लिहून झाल्यावर तिचं धाबं दणाणलं. खोडावं तर खाडाखोडीचे गुण कापतात, हेही मास्तरांनीच सांगितलेलं होतं.

मॅडम टेबलापाशी आल्या. कागदावरून लाल पेन खाली सरकत आलं आणि त्या रकान्यावर थांबलं.

"हे काय आहे, काकू?"

"मीटरने दाखवलं ते."

"गणिताने पाचशे आणि मीटरने अडतीस. एकाच दिव्याचं?"

लिफ्टवाल्याने डोळे मिटून घेतले. आता हा कागद आपटला जाणार, असं तिला वाटलं, आणि त्या भीतीत तिचा हात आधाराला म्हणून टेबलावरच्या दिव्यावर गेला. काच अजून गरम होती. चटका बसेल इतकी नाही, पण गरम. मोटार तपासायला आली की ती आधी तिच्या अंगावर असाच तळहात ठेवायची. नुकतीच बंद केलेली गरम मोटार कधी मोजायची नाही, थंड होऊ द्यायची, कारण गरम असताना तांबं माप वाढवून दाखवतं. बावीस वर्षं ती हे करत आली होती. सूत्रात ते कुठे नव्हतं.

"मॅडम, परत एकदा लावून दाखवू का?" तिने विचारलं.

मॅडमनी होकारार्थी मान डोलावली. तिने दिवा बसवला, चांगला दोन मिनिटं पेटू दिला. मग बटण बंद, प्लग बाहेर, आणि या खेपेला चष्मा पुसत बसली नाही. झटक्यात दिवा काढून सळया लावल्या. मीटर एकशे चाळीसच्या पुढे गेला होता. तिथून तो उतरायला लागला. एकशे दहा, नव्वद, सत्तर. पन्नासवर आल्यावर सावकाश झाला आणि मग एकेक करून अडतीसपर्यंत गेला. दोघे-तिघे आपली टेबलं सोडून जवळ आले होते.

"पेटलेला असतो तेव्हा तार लालबुंद असते," ती म्हणाली. "तेव्हा तिचं पाचशेच असणार, गणित खोटं नाही. पण मी मोजला तो विझल्यावर. मोटारीचंही असंच होतं, फक्त मोटार इतकी तापत नाही, म्हणून एवढा फरक पडत नाही."

"हे कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही. मोटारी भरते मी."

मॅडमनी त्या रकान्यापुढे लाल पेनाने बरोबरची खूण केली, तीसुद्धा नेहमीपेक्षा मोठी. मग त्या सगळ्या टेबलांवरून फिरून आल्या, प्रत्येक कागद उचलून पाहिला आणि मधोमध उभ्या राहिल्या.

"तीस जणांनी दोन्हीकडे एकच आकडा लिहिलाय. म्हणजे मीटर कोणी हातातच घेतला नाही. कोणी शिकवलं हे तुम्हाला?"

दहा-बारा माना एकदम खाली गेल्या. लिफ्टवाला काकूंकडे पाहत होता, काकू मीटरकडे. मग कोणालाही नापास न करता मॅडमनी सगळ्यांना तो रकाना खोडून पुन्हा मोजायला लावला, आणि त्या अर्ध्या तासात खाडाखोडीचे गुण कापले जाणार नाहीत असंही जाहीर केलं. लिफ्टवाल्याचा जीव भांड्यात पडला.

मोटारीच्या टेबलाशी मॅडम नुसत्या बघत उभ्या राहिल्या. काम झाल्यावर कागदावर सही करून त्यांनी तो तिला दाखवला. खाली 'उत्तीर्ण' लिहिलं होतं. परवाना पंधरा दिवसांत घरी येईल, म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदा किंचित हसल्या. "मला गरम मोटार कशी ओळखायची ते एकदा येऊन बघायचंय, दुकान कुठे आहे?" तिने पत्ता सांगितला.

मास्तर फाटकाशी उभे होते. तिथे बाक होता, झाडाची सावली होती, पण ते तीन तास उभेच असणार हे तिला लांबूनच कळलं. दोन्ही हात खिशात घातले होते, कारण काळजी वाटली की ते जास्त थरथरायचे. ती जवळ आली तशी त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिनेच सांगितलं, पास झाले म्हणून. मास्तरांनी डोळे मिटले, मोठा श्वास सोडला आणि एक हात खिशातून काढून तिच्या खांद्यावर ठेवला. तो खांद्यावरही थरथरत होता. बावीस वर्षं आपण एका बाकावर काम केलं आणि आता पाटी राहील, एवढंच तिच्या मनात येत होतं.

मागून उमेदवार बाहेर पडत होते. मास्तरांना पाहून कोणी वाकून नमस्कार केला, कोणी नुसतीच मान लववली. लिफ्टवाला थांबला.

"मास्तर, काकूंनी नाव काढलं," तो म्हणाला. आणखी काही बोलणार होता, पण काकूंकडे बघून गप्प बसला आणि स्कूटरची किल्ली शोधत निघून गेला.

मास्तर खूश झाले. चार पावलं चालले आणि थांबले.

"दिव्याचं काय लिहिलंस?"

प्रश्न त्यांनी सहज विचारल्यासारखा केला, पण खांद्यावरचा हात घट्ट झाला होता. तिने त्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगितलं, तर बावीस वर्षांचा तो पोरगा बरोबर होता हे त्यांना कळणार होतं. त्याच वाक्यात हेही कळणार होतं की त्याचं वर्ष फुकट गेलं, आणि पुढची चाळीस वर्षं त्याने आल्यागेल्याला चुकीचं शिकवलं. कधीतरी सांगावं लागेल. एखाद्या सकाळी टेबलावर दिवा आणि मीटर मांडून सळया त्यांच्याच हातात द्याव्या लागतील, तिचा हात वर ठेवून. आज नको. आज माणूस तीन तास उन्हात उभा होता.

"पाचशे," ती म्हणाली. "दोन्हीकडे."

मास्तरांचा चेहरा असा उजळला की तिला हसू आवरेना.

"बघ," ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

"म्हणत होतात," ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून रस्ता ओलांडायला लागली.